पेज, पाव आणि पिलाची हाडे



आपल्या पार्से गावात ज्या घराच्या पायरीशी कुत्रा नाही असे घर क्वचितच आढळेल. ओसरीवर, गोठ्याच्या आडोशाला, काजूच्या बागेतील खोपीपाशी तो असतोच. आणि त्याला काय घालावयाचे याचा विचार मुद्दाम असा कोणी करीत नाही. सकाळी पोदेर येऊन गेला की पावाचा तुकडा, तोही चहात बुडवून. दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज. दुपारी भात आणि कालवणाचे उरलेसुरले. रात्री पुन्हा तेच. या अन्नावर गावठी कुत्रा वर्षानुवर्षे जगतो, रात्री घर राखतो आणि अनोळखी माणसाला फाटकापलीकडे उभे ठेवतो. मग कुत्र्याच्या आहारावर लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला प्रथम पुस्तकात मिळाले नाही; ते आमच्याच घराच्या मागील दारी, एका पिलाच्या वाकड्या पायांत मिळाले.

काही वर्षांमागची गोष्ट. गावठी कुत्री बहुधा पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत वितात. परंतु आमच्या नात्यातील एका घरची कुत्री वैशाखात व्याली आणि मृगाच्या सुमारास तिचे दीड महिन्याचे तांबूस पिलू आमच्याकडे आले. मुलांनी त्याचे नाव वाघ्या ठेवले. पाऊस लागला होता. गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्यामुळे मासळी थोडी व महाग. पुढे श्रावण आला आणि रिवाजाप्रमाणे चतुर्थीपर्यंत आमच्या घरी मासळी शिजणे बंद झाले. आम्ही शाकाहारी, म्हणून वाघ्याही शाकाहारी. पेज, भात, वरणाचे पाणी, पाव आणि मुले चोरून देत ती बिस्किटे यांवर तो वाढला. ‘वाढला’ असे म्हणतो, कारण त्याचे पोट वाढत होते आणि आम्ही त्यालाच वाढ समजत होतो.

श्रावण संपता संपता त्याच्या पुढच्या पायांची मनगटे जाड दिसू लागली. पाय बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखे वाकले, पंजे सपाट पसरले. पूर्वी दोन उड्यांत अंगण ओलांडणारे पिलू आता पायरीशी येऊन थांबे आणि वर पाही. चतुर्थीच्या दिवशी पाहुण्यांपैकी एका लहान मुलाने त्याला कौतुकाने उचलून घेतले, तो ते असे किंचाळले की चाललेली आरती क्षणभर थांबली. त्या मुलाला वाटले, आपल्याच हातून काही अपराध घडला. अपराध त्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला पशुवैद्याकडे नेले. क्ष-किरणांनी छायाचित्र काढले. निरोगी हाड अशा चित्रात पांढरेशुभ्र उमटते. वाघ्याची हाडे आसपासच्या मांसाइतकीच फिकट दिसत होती आणि उजव्या पायाच्या हाडाला एक बारीक चीर गेलेली होती. डॉक्टरांनी विचारले, “याला खायला काय घालता?” मी काहीशा अभिमानाने सांगितले, “आम्ही जे खातो तेच.” ते म्हणाले, “मास्तर, तुमचे वाढायचे वय कधीच सरले. हा अजून वाढतो आहे.”

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. घरी आल्यावर मी पुस्तके काढली आणि जे वाचले, जे पुढे डॉक्टरांना विचारून पक्के करून घेतले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम हाड म्हणजे काय ते पाहू. तंतुमय प्रथिनांची एक चौकट असते आणि तिच्यात कॅल्शियम व स्फुरद यांचे क्षार भरलेले असतात. चौकटीमुळे हाडाला लवचिकपणा येतो, क्षारांमुळे कणखरपणा. मोठ्या कुत्र्याचे हाड तयार झालेले असते. त्याला केवळ डागडुजीपुरते सामान लागते. पिलाला मात्र रोज नवे बांधकाम करावयाचे असते. दूध सुटल्यानंतरच्या काळात पिलाला वजनाच्या मानाने मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट उष्मांक लागतात, प्रथिनेही अधिक लागतात, आणि कॅल्शियमची गरज तर कितीतरी पटींनी मोठी असते. अडीच-तीन महिन्यांच्या, तीन किलो वजनाच्या पिलाला रोज सुमारे सव्वा ते दीड ग्रॅम कॅल्शियम हवे.

आता वर्गातले गणित करा. एक किलो तांदळात सुमारे शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी कॅल्शियम असते. मग सव्वा ते दीड ग्रॅम मिळविण्यासाठी तीन किलोच्या जिवाने किती तांदूळ खावेत? उत्तर दहा किलोंच्या वर जाते, आणि तेही रोज! पाव, रवा, बिस्किटे यांची गत फारशी निराळी नाही. गाईच्या दुधात एका लिटरला साधारण बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते खरे. पण तीन किलोच्या पिलाने रोज लिटरभर दूध प्यावे अशी अपेक्षा कोण करील? शिवाय दूध सुटल्यानंतर दुधातील साखर पचविण्याची शक्ती पिलात कमी होत जाते आणि जास्त दुधाने हगवण लागते. आम्ही वाघ्याला पाणी घातलेले पाव वाटी दूध देत होतो आणि दूध दिल्याचे समाधान मानीत होतो.

कोणी म्हणेल, अन्नात कॅल्शियम कमी पडले तर हाडे थोडी हळू वाढतील, इतकेच ना? दुर्दैवाने एवढ्यावर भागत नाही. कॅल्शियम केवळ हाडांसाठी नसते. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्ताचे गोठणे या सर्वांना रक्तात ठरावीक प्रमाणात कॅल्शियम लागते आणि ते प्रमाण घसरले तर जीवच धोक्यात येतो. म्हणून गळ्यात अवटू ग्रंथीच्या लगत चार इवल्या ग्रंथी या प्रमाणावर पहारा ठेवून असतात. अन्नातून कॅल्शियम येईनासे झाले की या ग्रंथी एक रस सोडतात आणि त्याच्या हुकमाने हाडांत साठविलेले कॅल्शियम रक्तात उतरू लागते. घराचे वासे काढून चूल पेटती ठेवावी, तसा हा प्रकार आहे. चूल पेटलेली असल्यामुळे बाहेरून सर्व ठीक दिसते. पिलू शेपूट हलविते, भुंकते, खाते. छप्पर कोसळू लागले म्हणजे मग आपल्याला कळते.

हा दोष केवळ पेजेच्या घरचा आहे असे मात्र समजू नये. “आमचे पिलू निव्वळ मांसावर वाढते,” असे अभिमानाने सांगणारे लोक मला भेटले आहेत. हाडावेगळ्या मांसात प्रथिने भरपूर असतात. परंतु शंभर ग्रॅम मांसात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास, तर स्फुरद दोनशेच्या आसपास असते. वाढत्या पिलाच्या अन्नात कॅल्शियम स्फुरदाइतके तरी असावे, किंबहुना थोडे अधिकच असावे. येथे ते विसाव्या हिश्श्याइतके भरते. परिणामी गळ्यातल्या त्याच चार ग्रंथी जाग्या होतात आणि तीच हाडे पोखरली जातात. पेज घालणारा गरीब आणि मांस घालणारा श्रीमंत दोघेही एकाच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतात.

अशा वाकड्या पायांना लोक सरसकट मुडदूस म्हणतात. डॉक्टरांच्या मते वाघ्याच्या दुखण्यात कॅल्शियमचा अभाव हेच मुख्य कारण होते. खरा मुडदूस ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. दिसायला दोन्ही सारखी, आणि पुष्कळदा दोन्ही कारणे एकत्रच नांदतात. या ‘ड’ जीवनसत्त्वाची कथा मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती माणसाच्या मुलांची आणि कुत्र्याच्या पिलांची अशी दोघांची कथा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-स्कॉटलंडमधील औद्योगिक शहरांत मुडदूस झालेली मुले गल्लोगल्ली दिसत. कोणी म्हणे, कोंदट हवेमुळे. कोणी म्हणे, व्यायामाच्या अभावामुळे. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने हा प्रश्न सोडविण्यासाठी कुत्र्याची पिले घेतली. त्याने त्यांना घरातच ठेवले आणि ओट या धान्याची लापशी, पाव, थोडे दूध अशा साध्या अन्नावर वाढविले. पिलांना मुडदूस झाला. त्याच अन्नात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले की मुडदूस टळे. १९१९ साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेलातील हा गुण ‘अ’ जीवनसत्त्वाचा असावा असा त्याचा तर्क होता. पुढे १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या तेलातील ‘अ’ जीवनसत्त्व उष्णता व हवा यांच्या साहाय्याने नष्ट केले, तरी तेलाचा मुडदूस बरा करण्याचा गुण शिल्लक राहिला. अर्थात हे द्रव्य निराळे, हे सिद्ध झाले, आणि त्याला ‘ड’ हे नाव मिळाले. जुन्या पिढीतील पुष्कळांना लहानपणी नाक दाबून पाजलेले कॉडलिव्हर तेल आठवत असेल. त्याच्या पाठीमागे लंडनमधील ती वाकड्या पायांची पिले उभी आहेत. त्यांना ते दुखणे जाणूनबुजून देण्यात आले होते, हेही विसरून चालणार नाही.

मेलनबीचा वृत्तांत वाचताना मी मधेच थांबलो. धान्याची लापशी, पाव, थोडे दूध आणि घरात कोंडून ठेवणे: श्रावणातील आमचे घर याहून काय निराळे होते? त्याने जे प्रयोगासाठी केले ते आम्ही मायेने केले होते.

आता तुमच्यापैकी हुशार विद्यार्थी म्हणेल, “पण सर, सूर्यप्रकाशात अंगावरच ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते असे आम्ही शिकलो आहोत, आणि गोव्यात उन्हाला काय तोटा?” माणसाच्या बाबतीत हे खरे आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र नाही. नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथील संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले की कुत्र्याच्या व मांजराच्या त्वचेत ते पुरेसे तयार होऊ शकत नाही. त्यांना ते अन्नातूनच मिळावे लागते. म्हणून पिलाला दिवसभर अंगणात उन्हात बांधून ठेवल्याने त्याचे हाड भरत नाही, उलट जिवाची काहिली मात्र होते. हे जीवनसत्त्व मिळते ते तेलकट मासळीत, अंड्याच्या बलकात, यकृतात. आणि तेलकट मासळी म्हणजे कोणती? जी आपल्याकडे मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर रापणीत सापडते आणि डोक्यावरच्या पाटीतून दारापर्यंत येते, तेच तारले आणि बांगडे. कॉडचे तेल पाजणाऱ्या लंडनला जे दुकानातून विकत आणावे लागे, ते आपल्या दारात येऊन ओरडत असते.

मग वाढत्या पिलाला घालावे तरी काय? पेज अजिबात वर्ज्य करा असे मी म्हणत नाही. भाताने उष्मांक मिळतात आणि तो पिलाला चांगला पचतो. चूक आहे ती भातालाच संपूर्ण जेवण मानण्यात. आमच्या घरी पुढे जो क्रम बसला तो सांगतो. तीन किलोच्या पिलाला दिवसभरात मिळून एक वाटी मऊ भात, शंभर ग्रॅमच्या आसपास उकडलेले तारले, एक उकडलेले अंडे, थोडा उकडलेला लाल भोपळा आणि चमचाभर तेल. मीठ, तिखट, मसाला, कांदा काही नाही. तारले दाब-कुकरमध्ये बराच वेळ शिजविले म्हणजे त्यांचे काटे बोटांनी चुरता येतील इतके मऊ होतात. ते चुरून त्यातच राहू द्यावेत, कारण कॅल्शियम त्या काट्यांतच असते. बांगड्याचा काटा जाड, तो काढून टाकावा. मासळी कच्ची घालू नये. पुष्कळ कच्च्या मासळीत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते आणि ते शिजविल्याने निष्प्रभ होते. सुके बांगडे व खारविलेली मासळी तर नकोच, त्यांत मीठ फार.

एवढे करूनही हे जेवण परिपूर्ण होत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कॅल्शियम, स्फुरद, जस्त, तांबे यांचा मेळ घरच्या चुलीवर नेमका साधत नाही. म्हणून डॉक्टरांनी वाघ्याचे वजन पाहून क्षारांची पूड मोजून दिली होती आणि दर महिन्याला ते प्रमाण बदलले. कोणी अंड्याच्या कवचांची पूड घालतात. तिच्यात कॅल्शियम आहे, पण स्फुरद जवळजवळ नाही. नाचणीत तांदळाच्या तीसपटींहून अधिक कॅल्शियम असते, त्यामुळे भाताबरोबर नाचणीचे सत्त्व देणे चांगलेच. मात्र नाचणीतील कॅल्शियम सगळेच अंगी लागत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबता येत नाही. आणि आपल्या पानाच्या डब्यातील चुना? एका आजोबांनी मला तोच उपाय सुचविला होता. तो दाहक असतो, पिलाची जीभ व अन्ननलिका भाजतो. तो पानालाच लावलेला बरा.

ज्यांना हा खटाटोप झेपत नाही त्यांनी बाजारात मिळणारे, खास पिलांसाठी तयार केलेले कोरडे खाद्य आणावे. पिशवीवर ते वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार आहे असे लिहिलेले पाहावे; मोठ्या कुत्र्याच्या पिशवीवर समाधान मानू नये. येथेही एक घरगुती चूक होते. खाद्य महाग म्हणून टोपभर भातात त्याची मूठभर पेरणी करतात आणि आपण उत्तम अन्न दिले असे समजतात. तो पुन्हा भातच झाला.

आतापर्यंत दूध सुटलेल्या पिलाविषयी बोललो. त्याआधीचे अन्न निसर्गाने सिद्ध ठेवलेलेच आहे. गाय व्याल्यावर जसा चीक येतो तसा कुत्रीलाही येतो, आणि त्यातून पिलाला रोगप्रतिकाराची पहिली शिदोरी मिळते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच ती आतड्यातून शोषली जाते, म्हणून त्या दिवशी प्रत्येक पिलू आचळाला लागले की नाही हे पाहावे. दुबळे पिलू भावंडांच्या रेट्यात मागे पडते. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक, आणि साखर मात्र कमी. आई नसलेल्या पिलाला नुसते गाईचे दूध, तेही पाणी घालून पाजणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच होय. अशा वेळी पिलांसाठी मिळणारी दूधपूड पशुवैद्याकडून घ्यावी. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात दिसू लागतात, तेव्हा पातळ मऊ अन्न बशीत ठेवावे. पिले प्रथम त्यात पाय घालतात, मग तोंड. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिलू आईपासून तोडू नये. आम्ही वाघ्याला सहाव्या आठवड्यात आणले, ही आमची पहिली चूक.

पिलाचे पोट लहान आणि भूक मोठी. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खाऊ घालावे. स्वच्छ पाणी सदैव जवळ हवे. चहा नको, चहात भिजविलेला पावही नको.

खाण्यात अतिरेकही तितकाच वाईट, आणि अलीकडे आपल्या तालुक्यातही ल्याब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशी मोठ्या जातीची पिले येऊ लागल्यामुळे याचा विचार अवश्य केला पाहिजे. ‘हाडे बळकट व्हावीत’ म्हणून उत्तम तयार खाद्याबरोबर वर पुन्हा कॅल्शियमच्या बाटल्या पाजणारे लोक आहेत. पिलाच्या आतड्यांना कोवळ्या वयात नको असलेले कॅल्शियम नाकारता येत नाही. दिले तितके पुष्कळसे आत घेतले जाते. युट्रेख्ट येथेच १९८० च्या दशकात ग्रेट डेन जातीच्या पिलांवर झालेल्या अभ्यासात अतिरिक्त कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडून पाय विकृत झालेले आढळले. म्हणजे कमी पडले तरी पाय वाकडे, जास्त झाले तरी वाकडेच! अमेरिकेत ४८ ल्याब्रॅडोर पिलांच्या जोड्या लावून त्यांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बेताने खाणारे कुत्रे दुसऱ्या गटाहून जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. गुबगुबीत पिलू पाहून आपण खूश होतो. पण बरगड्यांवरून हात फिरविला असता त्या बोटांना सहज लागाव्यात आणि वरून पाहिले असता कंबर दिसावी, ही खरी परीक्षा.

काही पदार्थ तर पिलाला विषासमान आहेत. कांदा व लसूण यांनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आपले कालवण त्याच्यासाठी तिखटामुळेच वाईट आहे असे नाही. द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंडे बिघडू शकतात. प्रसादाच्या शिऱ्याचा घास देताना हे ध्यानात असावे. चॉकलेट नको. शिजविलेल्या कोंबडीची हाडे कुसळांसारखी फुटून आतड्यात रुततात. काजूच्या दिवसांत बागेत पडलेल्या कच्च्या बिया पिले खेळता खेळता चावतात. टरफलातील तेलाने त्यांचे तोंड भाजते. बिया सोलणाऱ्यांची बोटे पाहिलेल्या पेडण्याच्या मुलांना हे सांगावे लागू नये.

आणखी एक वाटेकरी असतो तो पोटातला. पिलांना बहुधा आईपासूनच जंत येतात. खाल्लेले अन्न त्यांच्या वाट्याला जाते, पोट नगाऱ्यासारखे होते आणि केस निस्तेज. वाघ्याच्या पोटाची वाढ ही अशी होती. दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचावीच. गोव्यात गेल्या दशकभरात गावोगाव फिरून कुत्र्यांना ही लस टोचण्याचे मोठे काम झाले आहे आणि त्यामुळे माणसांचे प्राण वाचले आहेत. लस टोचणारे वाड्यावर आले तर पिलू धरून देणे हे तुम्हा मुलांना सहज जमण्याजोगे काम आहे.

याशिवाय एक प्रयोग तुमच्यापैकी प्रत्येकाला करता येईल. दर रविवारी पिलाला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग पिलू खाली ठेवून पुन्हा एकट्याचे वजन करा. वजाबाकी वहीत लिहा आणि आलेखपत्रावर मांडा. रेषा चढती असावी, पण जिन्यासारखी उडी घेणारी नसावी. एका आठवड्यात ती सपाट झाली तर कारण शोधा. आमच्या वाघ्याची अशी वही असती तर आम्हांला पायऱ्यांशी थांबलेले पिलू पाहण्याची वेळ आली नसती.

वाघ्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. डॉक्टरांनी त्याला सहा आठवडे उड्या मारू न देता एका लहान जागेत ठेवण्यास सांगितले. तरुण हाड जसे लवकर बिघडते तसे योग्य अन्न मिळताच लवकर भरूनही येते. दुसऱ्या छायाचित्रात चीर सांधलेली होती आणि हाडे पांढरी उमटली होती. डावा पाय सरळ झाला. उजवा थोडा वाकडा राहिला तो राहिलाच.

राहता राहिला प्रश्न श्रावणाचा. पुढच्या वर्षी वाघ्या मोठा झालेला होता, पण मुलांनी आणखी एक अनाथ पिलू आणले. घरी सोवळे-ओवळे पाळणारी माझी आई होती. तिला विचारल्यावाचून काही करणे शक्य नव्हते. मी भीत भीत सर्व हकिकत सांगितली. ती बराच वेळ वाघ्याच्या उजव्या पायाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “श्रावण आपण धरलाय. त्याने कुठे धरलाय?” त्या दिवसापासून न्हाणीच्या मागे, पत्र्याच्या आडोशाखाली, तीन दगडांची वेगळी चूल मांडली आहे. तिच्यावर एक जुने मडके, त्याला वेगळा चमचा, वेगळी पळी. श्रावणी सोमवारी घरात साबुदाण्याची खिचडी होते आणि मागे त्या मडक्यात अंडी उकडत असतात. मडके घासण्याची पाळी मुलांनी वाटून घेतली आहे. शनिवारची पाळी माझी.